फाशी, फास्ट ट्रॅक आणि अल्बममधले चार फोटो

दर दोन-तीन महिन्यांनी हापिसात एक चर्चा होतेच. कुठेतरी दरोडा पडलेला असतो, घरात घुसून माणसं मारलेली असतात, आणि बातमी वाचून सगळ्यांचं रक्त उसळलेलं असतं. डबा उघडल्यापासून ताक संपेपर्यंत आमचा निकाल लागलेला असतो. "भर चौकात लटकवा." "दहा-दहा वर्षं केस चालते म्हणून हे असं होतं." "सौदीत बघा, एका शुक्रवारात विषय संपतो." मग कोणीतरी म्हणतं की आधी त्या मानवाधिकारवाल्यांना आत टाका, सगळे हसतात, आणि दीडच्या मीटिंगला निघून जातात.

मी फाशीच्या विरोधात आहे. आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना चिडायचंय त्यांना वाट बघावी लागणार नाही :) आणि खुन्याबद्दल मला दया वाटते म्हणून विरोधात आहे, असं अजिबात नाही. गांधीजी, बुद्ध, युरोप वगैरे मंडळींनाही आज सुट्टी. एकच केस सांगतो. महाराष्ट्रातली आहे, हल्लीची आहे, आणि तिच्यात तुम्हाला हवं ते सगळं घडलं होतं. झटपट निकाल, फाशी, वर सुप्रीम कोर्टाचा शिक्का. सगळं.

५ जून २००३ ची रात्र. नाशिक जिल्ह्यात शेतात वस्ती करून राहणारं एक कष्टकरी कुटुंब. रात्री काही लोक घरात घुसले. पैसे आणि दागिने लुटले, बायकांवर अत्याचार केले, आणि पाच जणांना मारलं. मेलेल्यांत त्या घरातली कोवळ्या वयाची मुलगीही होती. आई आणि एक मुलगा जबर जखमी होऊन कसेबसे वाचले. तपशील यापेक्षा जास्त लिहीत नाही. वाचताना मलाच मध्ये थांबावं लागलं होतं. कुणाला फाशी द्यायची असेल तर ती असलं करणाऱ्यांनाच, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं.

पुढे पोलिसांनी सहा जणांना पकडलं. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन भागातून. सगळे भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ ला सुप्रीम कोर्टाने ही सवलतसुद्धा काढून घेतली आणि सहाही जणांना फाशी दिली. कायद्याच्या पुस्तकांत ही केस 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने आहे.

आता जरा तारखा मोजा. गुन्ह्यापासून शेवटच्या कोर्टापर्यंत सहा वर्षांच्या आत! आपल्या देशात बिल्डरविरुद्धच्या तक्रारीलाही याहून जास्त वेळ लागतो. 'केसेस रेंगाळतात' हे रडगाणं इथे लागूच होत नाही. खटला तीन वर्षांत, हायकोर्ट नऊ महिन्यांत, सुप्रीम कोर्ट दोन वर्षांत. जेवणाच्या टेबलावर आपण जी सिस्टीम मागतो ती हीच होती. चकाचक चालली.

आणि मग ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने (न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. एम. आर. शहा यांचं खंडपीठ) सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी केली नाही, निर्दोष सोडलं. यांना या प्रकरणात खोटं गोवलं गेलं असं म्हणून सोडलं. राज्य सरकारने प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यावी, चुकार पोलीस अधिकारी कोण ते शोधून त्यांच्यावर कारवाई करावी, आणि गुन्ह्याचा पुढचा तपास करावा असाही आदेश दिला.

पुढचा तपास कोणाचा? इथे ते अल्बम येतं.

घटनेनंतर दोन दिवसांनी, ७ जून २००३ ला, वाचलेल्या आईला पोलिसांकडच्या गुन्हेगारांच्या फोटोंचं अल्बम दाखवण्यात आलं. तिने त्यातले चार चेहरे ओळखले. दंडाधिकाऱ्यासमोर तसा जबाब झाला. नजर ताजी, आठवण ताजी, साक्षीदार स्वतः त्या घरात होती. तपासात याच्याहून मोठा धागा कोणता असतो? आता पुढचं नीट वाचा. फाशी झालेल्या सहा जणांत त्या चौघांपैकी एकही नव्हता. त्या चौघांना पकडलं का नाही, त्यांची चौकशी झाली का नाही, ते त्या रात्री कुठे होते, याचं समाधानकारक उत्तर सरकारी पक्षाकडे नव्हतं. काही आठवड्यांनी ओळखपरेड झाली, तिच्यात हे सहा जण उभे केले गेले, आणि गाडी त्या रुळावरून जी सुटली ती थेट फाशीच्या स्टेशनाला लागली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले लोक एक गोष्ट अनुभवाने शिकतो. एखाद्या कोडला चार रिव्ह्यूअर असले म्हणजे ते चार वेळा तपासलं गेलं असं नसतं. पहिल्याने 'ओके' लिहिलं की दुसरा वरवर बघतो, तिसरा दुसऱ्याचं नाव बघतो, आणि चौथ्याला घरी जायचं असतं. शिवाय सगळे तेच बघतात जे समोर ठेवलंय. जी फाईल जोडलेलीच नाही तिच्यातला बग कोणाला दिसणार? अपिलाची कोर्टंही बहुतेक खालून आलेल्या कागदांवरच चालतात. वरच्या कोर्टात कोणी नव्याने वस्तीवर जाऊन चुलीजवळची जागा बघत नाही. तपासात जे दाबलं गेलं ते वर चढताना आपोआप उघडं पडत नाही, उलट प्रत्येक मजल्यावर त्याच्यावर नवीन शिक्का बसतो.

फरक एवढाच की आमच्याकडे रोलबॅक असतो. शुक्रवारी रात्री प्रोडक्शन कोसळलं तर शिव्या खातो, जुनी आवृत्ती परत चढवतो, शनिवारी झोपतो. ज्या कामाला रोलबॅक नाही (डेटा कायमचा उडवणं, समजा) त्याला कोणताही शहाणा मॅनेजर एका माणसाच्या भरवशावर बटण दाबू देत नाही. मग फाशीच्या बाबतीतच आपण इतके बिनधास्त कसे होतो, काय राव?

"पण शेवटी सुटले ना? म्हणजे सिस्टीमने चूक सुधारली ना?" हा प्रश्न मला एका अत्यंत हुशार मित्राने विचारलाय, म्हणून उत्तर नीट देतो. ते सुटले ते सिस्टीममुळे सुटले नाहीत, उशिरामुळे सुटले. ज्या उशिराला आपण शिव्या घालतो त्याच उशिरामुळे. २०१० साली 'आता कशाला पोसायचं यांना' म्हणून लटकवलं असतं तर २०१९ साली निर्दोष कोण ठरलं असतं? सहा फोटोफ्रेम? मधल्या काळात बरंच काही जुळून यावं लागलं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानेच ठरवलं की फाशीच्या कैद्याची फेरविचार याचिका न्यायाधीशांच्या दालनात कागदांवर उरकायची नाही, उघड्या कोर्टात ऐकायची. त्याआधीची पद्धत म्हणजे बंद खोलीत फाईल फिरवणं. मग २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये २००९ चा निकाल मागे घेतला गेला, कारण जन्मठेपेची फाशी करताना त्यांना बाजू मांडायची संधीच नीट दिली गेली नव्हती. आणि मग सगळं अपील पहिल्यापासून ऐकलं गेलं. यातली एक जरी कडी निसटली असती तर?

अजून एक. सहा जणांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांचाही नव्हता. हे कधी कळलं? फाशीच्या कैदेत कित्येक वर्षं काढल्यावर. देशातल्या सर्वोच्च कोर्टाने ज्याला फाशी ठोठावली त्याचं वय आधी कोणी धड तपासलंही नव्हतं.

हा अपवाद असेल असं वाटत असेल तर आपल्या पुण्यात या. २६ ऑगस्ट १९९४, पौड रोड, राठी हत्याकांड. घरात घुसून पाच बायका आणि दोन मुलं, सात जणांचे खून. त्या काळात पुण्यात लहान असलेल्या कोणालाही विचारा, दाराला आतून साखळी का लागली ते सांगतील. त्यातल्या एका आरोपीला १९९८ मध्ये फाशी झाली, २००० साली सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. आणि मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेच्या दाखल्यावरून मान्य केलं की गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय १२ वर्षं ६ महिने होतं. साडेबारा! कागदोपत्री तो विशीतला तरुण म्हणून वावरत होता. बालगुन्हेगारांच्या कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता आलं असतं. तोवर त्याने २८ वर्षं तुरुंगात काढली होती. इथे गुन्हा खोटा नव्हता हे मी मान्य करतो, मेलेली सात माणसं खरीच होती. पण ज्या यंत्रणेला समोर उभा असलेला सहावी-सातवीच्या वयाचा पोरगा ओळखता येत नाही, तिच्या हातात दोर द्यायचा?

आता नाशिक काय, पुणे काय, आमच्या धाराशिवपासून लांबच. पण ती नाशिकची केस मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला एकदम घरची वाटली, कारण तिच्यातल्या दोन्ही बाजू आमच्याकडे रोज दिसतात.

आमचे मामा कळंब तालुक्यात शेतात वस्तीवर राहतात. मागच्या दिवाळीत त्यांच्याशी यावरून जोरदार वाजलं. मामा म्हणाले, "तुमचं पुण्यात बसून बोलायला काय जातंय? दाराशी वॉचमन, वर कॅमेरा. इथं येऊन महिनाभर राहून दाखव. रात्री कुत्रं भुंकलं की झोप उडती आमची. तुझी मामी उशाशी कुऱ्हाड घेऊन झोपती, माहितंय का?"

मामांचं खोटं नाही. शेजारचं घर अर्ध्या किलोमीटरवर, पोलीस ठाणं पंधरा-वीस किलोमीटरवर, लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. दरोड्याची भीती ही शहरी माणसाच्या कल्पनेपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. तिला 'जमावाची मानसिकता' वगैरे म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मी म्हटलं, "मामा, मान्य. पण उद्या वस्तीवर चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा कुठं जातील?"

मामा क्षणभरही थांबले नाहीत. "पेढीवर. अजून कुठं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे कळंब-वाशी भागात पारध्यांच्या वस्तीला पेढी म्हणतात. चोरी झाली की गाडी पेढीवर. सापडेल तो उचलायचा. मामांच्या दृष्टीने हा रिवाज आहे, सूर्य पूर्वेला उगवतो तसा. "अन् हायवेला रात्री गाड्या अडवून लुटतात ते कोण असतंय मग?" हाही त्यांचा प्रश्न. असतील, काही जण तिथलेही असतील. पण 'काही चोर त्या वस्तीतले आहेत' यावरून 'त्या वस्तीतला कोणीही चालेल' इथपर्यंतची उडी कुठल्या तर्कात बसते? धाराशिवचे कितीतरी लोक पुण्यात राहतात. उद्या त्यातल्या एकाने हापिसातला लॅपटॉप पळवला तर मला उचलाल का? (मामा म्हणाले, "तुला बघूनच सोडून देतील." असो.)

हा रिवाज आकाशातून पडलेला नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला आलं पोर की गुन्हेगार, इतकं सोपं. आमच्या शेजारी सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, तिच्यात अशा जमातींना कोंडून हजेऱ्या घेत. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा कायदा गेला. 'उचल्या' लिहिणारे लक्ष्मण गायकवाड ज्या धनेगावचे, ते गाव आज लातुरात असलं तरी त्यांच्या लहानपणी उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं, म्हणजे हे काही मी परमुलखाचं सांगत नाहीये. कायदा गेला, हजेरीपट गेला, पण ठाण्यातलं अल्बम राहिलं आणि डोक्यातलंही.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), नाशिकच्या केसमध्ये खुद्द त्या अल्बमनेसुद्धा वेगळी चार नावं सांगितली होती! तीही नको होती. त्यापेक्षा जे हाताला लागले ते बरे. ज्यांच्यामागे कोणी आमदार नाही, वकिलाला द्यायला पैसे नाहीत, जामिनाला उभं राहील असा सातबारावाला नातेवाईक नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये देशभरातल्या फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात जवळजवळ तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल निघाले. आपल्या जेवणाच्या टेबलावर बसणाऱ्या कोणाचाही भाऊ त्यात सापडणं अवघड आहे. म्हणूनच तर इतक्या निवांतपणे 'लटकवा' म्हणता येतं.

हमखास येणारा प्रश्न आता घेतो. "जक्कलचं काय मग?"

बरोबर आहे. जोशी-अभ्यंकर हत्याकांड. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७, पुण्यात दहा खून. अभिनव कला महाविद्यालयात शिकणारी पोरं घरात घुसून गळे आवळत होती. ८८ वर्षांचे संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची पत्नी, दोन नातवंडं, घरात काम करणाऱ्या बाई, सगळ्यांना एका रात्रीत संपवलं. माफीचा साक्षीदार मिळाला, पुरावे मिळाले, आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना येरवड्यात फाशी झाली. ते दोषी होते याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आमच्या पिढीच्या आयांनी संध्याकाळी सातच्या आत घरात यायला लावलं त्याचं निम्मं श्रेय या चौघांना.

मग त्यांना तरी? माझं उत्तर असं की कायद्यात 'शंभर टक्के खात्री' नावाचा वेगळा कप्पा नाही. जक्कलच्या वेळी कोर्टाला जितकी खात्री होती तितकीच २००९ साली त्या सहा जणांबद्दलही होती. दोन्हीकडे तीन पायऱ्या, दोन्हीकडे तेच 'संशयातीत सिद्ध', दोन्हीकडे गुन्ह्याचं वर्णन वाचून मूठ वळते. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. तो फरक कळायला दहा वर्षं जावी लागली, आणि माणसं जिवंत असावी लागली. जक्कलसाठी फाशी ठेवायची तर ती भोकरदनच्या मजुरांसाठीही राहते. बटण एकच आहे.

१९८० च्या बच्चनसिंग निकालापासून 'दुर्मिळातील दुर्मिळ' हा शब्दप्रयोग आपण ऐकतो. आरोपीचाही विचार करा, केवळ गुन्ह्याचा नको, असं तो निकाल सांगतो. नंतर १९९५ मध्ये रावजी नावाच्या राजस्थानातल्या आरोपीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच उलटं म्हटलं, की गुन्हा बघा, गुन्हेगार नको. त्या निकालाचा आधार पुढे बऱ्याच केसेसमध्ये घेतला गेला, त्यात आपली २००९ ची नाशिकची केसही आली. आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १३ मे २००९ ला, दुसऱ्या खंडपीठाने दाखवून दिलं की रावजीचा निकाल बच्चनसिंगशी विसंगत आहे. दोन आठवडे! २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्र लिहून अशा १३ जणांची फाशी रद्द करा म्हणून विनंती केली. त्या १३ जणांत हे नाशिकवाले होते. रावजीला स्वतःला मात्र १९९६ मध्येच फाशी देऊन झाली होती. त्याचं अपील आता कोण ऐकणार?

मग काय, सोडून द्यायचं सगळ्यांना? हे कोणी म्हटलं? २००८ च्या श्रद्धानंद निकालापासून कोर्टं तीस वर्षं किंवा मरेपर्यंत, सुटीशिवाय-सवलतीशिवाय तुरुंग, अशी शिक्षा देऊ शकतात, आणि देतात. दरोडेखोर बाहेर येऊन मामांच्या वस्तीवर जाणार नाही याची सोय तिच्यात पूर्ण आहे. फक्त पंधरा वर्षांनी अल्बम उघडलं तर दार उघडायचीही सोय आहे. मामांना सुरक्षित वाटायला दोर लागत नाही. त्यांना पाच किलोमीटरवर पोलीस चौकी, फोन उचलणारा हवालदार आणि खरा चोर पकडणारा तपास अधिकारी लागतो. यातलं एकही फाशीने येत नाही. उलट कोणालातरी फाशी झाली की फाईल बंद होते, आणि तपास का फसला हे विचारायचं कोणालाच कारण उरत नाही.

"तुझ्या घरच्यांना मारलं असतं तर?" तर मी वेडा झालो असतो, आणि समोर जो उभा कराल त्याचा गळा घोटायला तयार झालो असतो. समोर जो उभा कराल त्याचा. नेमकी हीच तर भीती आहे.

त्या वाचलेल्या आईचा विचार करा. नवरा गेला, लेकरं गेली, स्वतः मरता मरता वाचली. दोन दिवसांनी तिने पोलिसांना चार चेहरे दाखवून दिले. सरकारने तिच्या हातात दुसरेच सहा जण ठेवले आणि सोळा वर्षं सांगितलं की हेच ते. तीन कोर्टांनी सांगितलं, हेच ते. पेपरवाल्यांनी सांगितलं, न्याय झाला. आणि २०१९ मध्ये तिला कळवलं गेलं की हे नव्हेत, आता त्या चौघांकडे बघू.

तिकडे ते सहा जण सोळा वर्षांनी बाहेर आले. पंचविशी-तिशीत आत गेलेली माणसं चाळिशी-पंचेचाळिशीत बाहेर आली. ५ लाखांना १६ वर्षांनी भागून बघितलं. दिवसाला साधारण ८५ रुपये पडतात.